पाचर तीच, जोर तेलाचा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

लाकूड फोडायला ताकद लागते, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. ताकदीच्या आधी लागते ती पाचर. कुऱ्हाडीचं पातं ही एक पाचरच, सुताराची पटाशी ही पाचरच, आणि वखारीत मोठा ओंडका फोडताना घणाखाली ठेवतात ती लोखंडी पहारही पाचरीचंच काम करते. ज्यांच्या घरी चूल पेटत होती त्यांना हे सांगायला नको. सरळ वाढलेल्या बाभळीचा ओंडका एका घावात दोन होतो आणि बेचक्याचा, गाठीचा ओंडका दहा घाव खाऊनही कुऱ्हाड पोटात धरून बसतो.

असं का होतं? लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची घट्ट बांधलेली पेंढी. हे तंतू लांबीच्या दिशेनं फार चिवट असतात, पण एक तंतू शेजारच्या तंतूला धरून ठेवतो ती पकड त्या मानानं कच्ची असते. बांबू उभा चिरायला घेतला की सुरुवातीला कोयता ठोकावा लागतो, पुढे तो आपोआप सरसर चिरत जातो. पाचर तंतू कापत नाही, ती त्यांना बाजूला सारते. एकदा फट पडली की ती पाचरीच्या धारेच्या पुढे पळते. गाठ आली की मात्र तंतू तिच्याभोवती वळलेले असतात, फट त्या वळणावर अडते, आणि मग खरा जोर लागतो.

हा जोर माणसाच्या खांद्यातून काढून तेलाच्या नळीत कसा घातला, याची गोष्ट आज सांगायची आहे. मी तीस वर्षं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना यंत्रकाम आणि हायड्रॉलिक शिकवलं. निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत, मिशिगन राज्यात, दोन हिवाळे काढले. ती गावाबाहेर राहते. तिकडच्या ग्रामीण भागात आजही बऱ्याच घरांत लाकडाची शेगडी असते. बंद लोखंडी शेगडी, तिचं धुरांडं छपरातून बाहेर. हौस म्हणून नव्हे, घर उबदार ठेवण्यासाठी.

तिकडे सरपण ‘कॉर्ड’च्या मापानं मोजतात. चार फूट उंच, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब अशी रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड, म्हणजे १२८ घनफूट. आपला वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा, तेव्हा एक कॉर्ड म्हणजे सव्वा ब्रासहून थोडं जास्त. मुलीच्या शेजारी एक शेतकरी राहतात, वय सत्तरीच्या पुढे, पाठीचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्या घरी हिवाळ्यात पाच कॉर्ड लाकूड जळतं, म्हणजे जवळजवळ साडेसहा ब्रास. कुऱ्हाडीनं एवढं फोडायचं तर त्या वयाला ते शक्य नाही.

त्यांच्याकडे लाकूड आलं कुठून, हेही ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या शेताच्या कडेला ॲश नावाची झाडं उभी होती. २००२ साली मिशिगनमध्येच, डेट्रॉइटजवळ, एक हिरवा चकाकणारा भुंगेरा सापडला. एमराल्ड ॲश बोरर असं त्याचं नाव. हा मूळचा आशियातला. सामान भरून आलेल्या लाकडी खोक्यांतून तो तिकडे पोचला असावा, असं मानतात. भुंगेरा जेमतेम अर्ध्या इंचाचा, पण त्याची अळी सालीच्या आत नागमोडी बोगदे पोखरते. मग वरून खाली आणि खालून वर जाणारा रस तुटतो आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळतं. उत्तर अमेरिकेत अशी कोट्यवधी झाडं गेली. ही कीड सरपणाबरोबर गावोगाव फिरते, म्हणून तिकडे लोकांना सतत सांगतात, की जिथलं लाकूड तिथेच जाळा, लांब नेऊ नका. आमच्या शेजाऱ्यांनी तेच केलं. मेलेली झाडं माणसं बोलावून पाडून घेतली आणि सरपण घरच्या घरी करायचं ठरवलं.

आता दोन फूट व्यासाचा बुंधा, त्याचे सोळा इंचांचे तुकडे. असा एक तुकडा वाळलेला असला तरी पाऊण क्विंटलच्या आसपास भरतो. साध्या फोडणी यंत्रावर तो उचलून ठेवायलाच दोन माणसं लागतात. म्हणून त्यांनी फोडणी यंत्र घेतलं ते लोडरला जोडायचं.

हा लोडर आपल्याकडेही आता दिसतो. छोटा, बुटका, पुढे दोन दांडे, मध्ये पिंजऱ्यात चालक. याला स्किड स्टिअर म्हणतात. याची चाकं मोटारीसारखी वळत नाहीत. एका बाजूची दोन चाकं एकत्र फिरतात, दुसऱ्या बाजूची दोन एकत्र. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे फिरवली की यंत्र घसटत जागच्या जागी गिरकी घेतं. याचा जन्मही शेतीच्या गरजेतून झाला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या गावात सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ वर्कशॉप चालवत. एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याला खुराड्यातली घाण काढायला यंत्र हवं होतं. ते माडीवर चढवता येईल इतकं हलकं आणि खांबांच्या मधून वळेल इतकं लहान हवं, अशी त्याची अट. १९५७ मध्ये या भावांनी तीन चाकांचा लोडर बनवून दिला. पुढच्याच वर्षी मेलरो कंपनीनं तो हाती घेतला, १९६० मध्ये त्याला चौथं चाक आलं आणि १९६२ पासून तो ‘बॉबकॅट’ या नावानं विकला जाऊ लागला. जसं आपण प्रत्येक पिवळ्या यंत्राला जेसीबी म्हणतो, तसं तिकडे अशा कुठल्याही लोडरला लोक सर्रास बॉबकॅट म्हणतात.

या लोडरची खरी करामत त्याच्या पुढच्या पाटीत आहे. बकेट काढून तिथे दुसरं काहीही अडकवता येतं. खड्डे घेणारं गिरमिट, झाडू, फोर्क किंवा लाकूड फोडणारं यंत्र. दोन खटके दाबले की दोन जाड खिळे खाली उतरून भोकांत बसतात. मग दोन नळ्या जोडायच्या. एकीतून लोडरच्या पंपाचं तेल अटॅचमेंटकडे जातं, दुसरीतून परत येतं.

आता तेल एवढा जोर कसा देतं ते पाहू. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. ब्लेझ पास्कल हा सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस. त्या नियमावर १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं दाबयंत्राचं पेटंट घेतलं. आपल्या फोडणी यंत्रात एक सिलिंडर आहे, आतून १० सेंटीमीटर व्यासाचा. त्यातल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ येतं साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २०० किलो धरा. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या साधारण शंभरपट. दोन्हींचा गुणाकार केला तर जोर येतो १५,७०० किलो. साडेपंधरा टनांहून जास्त, तोही एका पाचरीच्या धारेवर.

वेग किती? दट्ट्या ६० सेंटीमीटर सरकायला सिलिंडरमध्ये सुमारे पावणेपाच लिटर तेल जावं लागतं. छोट्या लोडरचा पंप मिनिटाला ६० लिटर, म्हणजे सेकंदाला एक लिटर तेल देतो असं धरू. तेव्हा पाचर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पावणेपाच सेकंदांत जाते. परतीला त्याहून लवकर, कारण त्या बाजूला दांडा जागा अडवतो आणि तेल कमी लागतं.

इथे एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. पंप दाब निर्माण करत नाही, पंप फक्त तेल ढकलतो. दाब निर्माण होतो तो समोरच्या अडथळ्यामुळे. सरळ तंतूंचा ओंडका असेल तर दाबाचा काटा फारसा हलतही नाही. गाठ आली की काटा चढतो. गाठ हटलीच नाही तर ठरलेल्या दाबाला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल परत टाकीत जातं आणि यंत्र किंचाळल्यासारखा आवाज करतं. तो आवाज म्हणजे यंत्र ‘पुरे’ म्हणतंय. तरीही लिव्हर दाबून धरली, तर इंजिनची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. अशा वेळी मागे यायचं, ओंडका फिरवायचा आणि दुसरीकडून प्रयत्न करायचा.

शेजाऱ्यांचं काम मी दोन हिवाळे पाहिलं. त्यांचं फोडणी यंत्र उलटं टांगलेलं होतं. वर तुळई, तिच्यावर सिलिंडर, आणि पाचर व समोरची जाड पाटी दोन्ही खाली तोंड करून. ओंडका जमिनीवरच आडवा पडलेला असतो. लोडरचे दांडे खाली आणून यंत्र त्याच्यावर बसवायचं आणि लिव्हर दाबायची. ओंडका उचलायचा प्रश्नच नाही. चालक पिंजऱ्यातून उतरतसुद्धा नाही.

सकाळी उणे दहा तापमान असायचं. तेल काकवीसारखं घट्ट झालेलं. ते आधी इंजिन दहा मिनिटं मंद चालू ठेवत, मग पाचर रिकामीच चार-पाच वेळा पुढे-मागे करत. त्यानं तेल गरम होतं, सिलिंडरमध्ये अडकलेली हवा निघून जाते आणि गळती असेल तर बसल्या जागी दिसते. नळ्या जोडण्याआधी इंजिन बंद करून राहिलेला दाब सोडायचा, जोडणीची तोंडं फडक्यानं पुसायची, हा त्यांचा नेम होता. कचऱ्याचा एक कण आत गेला तर पंप आणि व्हॉल्व्ह दोन्हींना महागात पडतो. खटके लावल्यावर ते खाली वाकून दोन्ही खिळे भोकांतून बाहेर आलेले डोळ्यांनी पाहत. नुसत्या आवाजावर विसंबत नसत.

फोडताना मोठ्या ओंडक्याच्या मध्यावर घाव घालायचा नाही. कडेच्या फाकी आधी काढायच्या, मग उरलेला गाभा. वाळताना पडलेली भेग असेल तर पाचर तिच्या रेषेत धरायची. गाठ असलेलं टोक पाचरीपासून दूर ठेवायचं. आणि ओंडका आडवा धरून तंतूंवर पाचर कधीच चालवायची नाही. तशानं तो फुटत नाही, आत ताण साठत जातो आणि मग तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. टोक तिरकं कापलं असेल तरी ओंडका निसटून बाजूला उडतो. म्हणून कापणी सरळ हवी, आणि चालक पिंजऱ्यात असला तरी समोर जाळी किंवा काच हवी.

फोडलं म्हणजे सरपण झालं, असंही नाही. ओल्या लाकडाची निम्मी आच पाणी उडवण्यात जाते असं आपल्या आया-आज्या म्हणत. आकडा सोडा, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. शिवाय ओल्या लाकडाच्या धुरातला डांबरासारखा थर धुरांड्यात बसतो आणि एखाद्या रात्री तोच पेट घेतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली यायला हवा. ओकसारख्या लाकडाला त्यासाठी दोन वर्षंही लागतात. ओंडका सालीच्या आत लवकर वाळत नाही, फाकी वाळतात. म्हणून फोडायचं ते आजच्यासाठी नव्हे, पुढच्या हिवाळ्यासाठी.

एके दिवशी शेजाऱ्यांचा सतरा-अठरा वर्षांचा नातू मदतीला आला. एक ओंडका अर्धवट फाटून चिवट धाग्यांवर लोंबत होता. तो तुकडा ओढायला पोरगा पुढे झाला. आजोबांनी लगेच दांडे जमिनीला टेकवले, इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली, खाली उतरले आणि मगच त्याच्याशी बोलले. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, “बाबा, एवढ्यासाठी सगळं बंद कशाला? पाच सेकंदांचं काम होतं.”

मी तिला हिशेब सांगितला. पाचर पावणेपाच सेकंदांत ६० सेंटीमीटर जाते, म्हणजे सेकंदाला १३ सेंटीमीटरच्या जवळ. ‘थांबा’ असं ओरडलेलं ऐकून माणसानं लिव्हर सोडायला अर्धा सेकंद जरी धरला, तरी तेवढ्यात पाचर सहा सेंटीमीटर पुढे जाते. बोटाची जाडी किती? आणि जे पंधरा टन जोर लाकडाच्या गाठीला फोडतात, त्यांना हाडासाठी दाबाचा काटाही हलवावा लागत नाही. यंत्राला लाकूड आणि हात यांतला फरक कळत नाही. त्या म्हाताऱ्या माणसाचा नियम साधा होता. यंत्र चालवणारा एकटाच, दुसरा माणूस जवळ आला की यंत्र बंद.

आणखी एक धोका आहे. तो दिसत नाही, म्हणून अधिक वाईट. हायड्रॉलिकची रबरी नळी जुनी झाली, कुठे घासली, की तिला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडतं. २०० किलोच्या दाबाखालचं तेल त्या छिद्रातून हिशेबानं ताशी साडेसातशे किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर पडू शकतं. ती धार इतकी बारीक की दिसत नाही, फक्त जरा धुकं दिसतं. माणूस काय करतो? गळती कुठे आहे ते पाहायला नळीवरून हात फिरवतो. धार कातडीतून आत शिरते, जाड हातमोज्यातूनसुद्धा.

माझा एक जुना विद्यार्थी एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. त्यानं असाच हात फिरवला. बोटावर सुई टोचल्याएवढी खूण, रक्ताचा एक थेंब, दुखणंही फारसं नाही. वर्कशॉपमधल्या लोकांनी हळद लावली, फडकं बांधलं आणि तो पुन्हा कामाला लागला. रात्री हात सुजला. दुसऱ्या दिवशीही ‘उतरेल’ म्हणून थांबले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला तेव्हा आतलं मांस मेलेलं होतं. तर्जनी काढावी लागली. तो मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, “सर, दुखत नव्हतं हो, म्हणून गेलो नाही.” मी नंतरच्या प्रत्येक वर्गात ही हकीगत सांगितली. त्यानंच तसं सांगायला मला सांगितलं होतं.

म्हणून ऐका. गळती शोधायची ती पुठ्ठ्यानं किंवा फळीच्या तुकड्यानं. लांबून तो नळीजवळ फिरवायचा, धार असेल तर पुठ्ठ्यावर डाग पडतो. हातानं कधीही नाही. आणि जर कातडीत तेल शिरल्याची नुसती शंका आली, तरी जखम किती लहान आहे ते पाहत बसू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात, शस्त्रक्रियेची सोय असेल तिथे जा, आणि ‘दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘टोचलं’ म्हणालात तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याचा संभव आहे. ही जखम बाहेरून किरकोळ दिसते, पण आत तास-तास मोजून वाढते.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आहेत लाकूड फोडणारे लोडर? नसतील. पण तेच तेल, तोच दाब, त्याच नळ्या आपल्या गावात रोज फिरतात. ट्रॅक्टरची पाठीमागे उलटणारी ट्रॉली, जेसीबी, ऊसतोडणी यंत्र, गॅरेजमधला जॅक. ट्रॉली वर उचलून तिच्याखाली ग्रीसिंग करायला शिरणारी मुलं मी किती पाहिली आहेत. ती ट्रॉली तेलाच्या एका स्तंभावर उभी असते. नळी फुटली, कुणाचा हात लिव्हरला लागला, की ती खाली येते आणि सावरायला वेळ देत नाही. खाली शिरायचंच असेल तर आधी ट्रॉली रिकामी करा आणि तिला भक्कम लोखंडी टेकू द्या. लाकडाचा ठोकळा, विटांची चळत हा टेकू नव्हे.

घरी ट्रॅक्टर असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा. इंजिन बंद करा, औजार जमिनीवर टेकवा, लिव्हर दोन-तीनदा पुढे-मागे करून उरलेला दाब सोडा. मग सगळ्या नळ्या नीट पाहा. जिथे वरचं रबर गेलं आहे आणि आतली तारेची जाळी दिसते आहे, ती नळी उद्या बदला. तिची किंमत एका बोटापेक्षा फार कमी आहे.